निळ्या गाडीची धर्माची आई

मार्किसोत्ती कारखान्याचा इतिहास सांगणारे आमच्या गावात पैशाला पासरी मिळतील. इंजिनिअर सांगायला लागले की त्यात अश्वशक्ती येते, युनियनवाले सांगायला लागले की संप येतात, आणि मालकाच्या घरचे सांगतात तेव्हा त्यात आजोबांशिवाय कुणीच नसतं. मला विचाराल तर सरळ कँटीनच्या भिंतीकडे बघा. तिथे फोटो लावलेत. प्रत्येक फोटोत एक नवी गाडी, गाडीपुढे एक बाई, बाईच्या डोक्यावर हॅट आणि हातात फुटलेल्या बाटलीचं तोंड. कारखान्याचा इतिहास तो एवढाच. बाकी सगळं लोखंड.

आमच्याकडे नवी गाडी कारखान्याबाहेर पडायची तर तिला धर्माची आई लागते. चर्चमध्ये तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी घालताना लागते, तशीच. ही बाई गाडीच्या अंगावर लाम्ब्रुस्को वाइनची बाटली फोडते, तिचं नाव पुकारते, आणि मग गाडी रुळावर जाते. पहिल्या वेळी, म्हणजे १९०८ साली, थोरल्या मार्किसोत्तीनं फ्रान्सहून शँपेन मागवली होती. तोवर हा गडी मळणीयंत्रं आणि बैलगाड्या बनवायचा; रेल्वेचा डबा पहिलाच. समारंभाच्या सकाळी बघतात तर शँपेन रिकामी. लोहारखात्यानं ती संपवली होती, आणि वर "आंबट होती" म्हणून नावंही ठेवली. मग कुणीतरी धावत जाऊन घरची लाल लाम्ब्रुस्को आणली. तेव्हापासून तीच. तिचा गाडीवर डाग पडतो, तो दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी पुसायचा नाही.

१९११ सालची धर्माची आई होती पाल्मिरा नावाची. ही वार्निशखात्यात कामाला, आणि त्याच डब्याला तिनं स्वतःच्या हातानं वार्निश लावलेलं. डबा पहिल्याच फेरीत पुलाच्या अलीकडच्या वळणावर रुळांवरून उतरला. मेलं कुणी नाही. मालकाची हॅट नदीत गेली आणि पाद्रीबुवांची नडगी फुटली. बुवा लंगडत बाहेर आले आणि ओरडले, "गाढवांनो, आई आणि धर्माची आई एकच बाई कशी चालेल?" झालं. त्या दिवसापासून नियम पडला. ज्या बाईचा हात गाडीच्या कामाला लागला ती गाडीची आई. तिच्या हाती बाटली द्यायची नाही. आमचे कामगार सगळे लाल झेंड्याचे. चर्चची पायरी चढतील ती लग्नाला नाहीतर मयताला. पण या एका बाबतीत ते पोपपेक्षा कडक. गावचे कुठलेही पाद्रीबुवा मात्र त्यानंतर नव्या गाडीत कधी चढले नाहीत. पाणी शिंपडायचं आणि लांब उभं राहायचं.

आणखी दोन गोष्टी आत्ताच सांगून टाकते. धर्माची आई कोण, हे कारखान्यातला सर्वांत जुना कामगार ठरवतो; आपल्याच घरातल्या एखाद्या बाईचं नाव तो कचेरीत सांगतो. ते मागायचं मात्र नसतं. जी मागते तिला मिळत नाही, आडून सुचवलेलंसुद्धा चालत नाही. आणि दुसरं म्हणजे पहिली फेरी. त्या फेरीत बसायचं ते फक्त हात लागलेल्यांनी आणि धर्माच्या आईनं. बाकी गाव फलाटावर. खुद्द मालकाला आदल्या दिवशी एक स्क्रू पिळायला लावतात, तेव्हा कुठे तो चढू शकतो.

१९६१ च्या वसंतात निळी गाडी बाहेर पडायची होती. इटली एक झाल्याला शंभर वर्षं झाली म्हणून तोरिनोत मोठा उत्सव होता आणि तिकडे माणसं नेणाऱ्या गाड्यांत एक आमची असणार होती. सबंध विजेवर चालणारी, निमुळत्या नाकाची, अंग असं निळं की रंगखात्यातली माणसं जेवायलासुद्धा तिच्यासमोरून उठत नसत. युद्धात बॉम्ब पडून छप्पर उडालेला हा कारखाना, नंतर मालगाडीचे डबे ठोकून कसाबसा पोट भरणारा. त्यानं असलं काही कधी केलं नव्हतं. आणि त्या वर्षी कारखान्यातला सर्वांत जुना कामगार होता माझा बाप.

बाबांचं नाव अमिल्कारे. सुतारखात्यात होते. ओठावर मिसरूडही नव्हतं तेव्हा लागलेले. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण निळ्या गाडीच्या खिडक्यांना आतून अक्रोडाच्या चौकटी बसवायच्या होत्या, म्हणून त्यांना ठेवून घेतलं होतं. ही गाडी झाली की ते घरी बसणार होते. बोलायचे अगदी कमी. "दिवसभर लाकडाशी बोलून दमतात," असं आई म्हणायची. भिंतीवरचा १९२९ सालचा फोटो माझ्या आईचा. चेसिरा. तेव्हा सर्वांत जुने कामगार तिचे वडील होते. फोटोतली हॅट उसनी आहे, पण ऐट तिची स्वतःची. आई गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली होती. आम्ही दोघी बहिणी कँटीनमध्ये गेलो की आधी त्या फोटोसमोर उभ्या राहायचो, आणि दोघींच्या मनात एकच असायचं.

दोघींतली मोठी मी, एर्सिल्या. आसनखात्यात काम करते, गाडीची आसनं शिवते. धाकटी नॉर्मा. ती काही करत नाही.

काही करत नाही म्हणजे जेनोव्हाला राहते. नवरा ओरेस्ते जहाजांच्या कचेरीत आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, वगैरे. १९५० साली मालकानं कारखान्याला कुलूप ठोकायचं ठरवलं तेव्हा आम्ही कामगार आत घुसून बसलो. सबंध हिवाळा. आत मी होते, बाबा होते. बाहेरून बायका भिंतीवरून सूपची पातेली द्यायच्या. मी ताडपत्र्या शिवून माणसांना पांघरुणं केली. बोटांना भेगा पडल्या होत्या. नॉर्मानं काय केलं? जेनोव्हाहून समुद्राचं चित्र असलेलं कार्ड पाठवलं. "धीर सोडू नका. इकडे मिमोसा फुललाय." ते कार्ड बाबांनी रंध्याच्या पेटीत झाकणाला आतून चिकटवलं. माझं काय चिकटवणार? मी तर रोज समोर होते.

लहानपणापासून हेच. केस नॉर्माचे, आवाज नॉर्माचा, गोड बोलणं नॉर्माचं. मी लग्न केलं नाही, बाबांजवळ राहिले, त्यांचे सदरे धुतले, दर रविवारी कॅपेल्लेत्तीचं, म्हणजे मांस भरलेल्या कणकेच्या टोप्यांचं, सूप केलं. आणि ही वर्षातून दोनदा यायची तेव्हा बाबा म्हणायचे, "आधी नॉर्माला वाढ, लांबून आलीय." लोक म्हणतात, एर्सिल्या बहिणीवर जळते. जळतेच. त्यात लपवायचं काय?

तर आदल्या वर्षीच्या शरदात निळी मखमल आसनखात्यात आली. आमच्या खात्याचे मास्तर बेनास्सी. त्यांनी सगळ्यांसमोर तागा उलगडला आणि मला हाक मारली. "एर्सिल्या, पहिलं आसन तुझं."

ती मखमल काय सांगू! हात फिरवला की एकीकडून गडद, दुसरीकडून फिकी. अशी मखमल शिवायला आयुष्यात एकदा मिळाली तर मिळाली. पण मी सबंध उन्हाळाभर विचार करून ठेवला होता. हात लावला की मी आई, आणि बाटली गेली. हात लावला नाही तर? बाबांना मुली दोन. एक इथे राबलेली, एक मिमोसा बघणारी. कुणाचं नाव घेतील? आंधळ्यालाही दिसावं इतकं उघड होतं. आणि बाटली मिळाली की पहिली फेरीही मिळणारच होती. हातचं काही जात नव्हतं.

"मास्तर, या निळ्या रंगानं माझे डोळे गळतात," मी म्हणाले.

"काय होतं?"

"पाणी येतं डोळ्यांना. मला जुन्या डब्यांची दुरुस्ती द्या."

"इतक्या वर्षांत तुझ्या डोळ्यांत मी पाणी बघितलं नाही. तुझी आई गेली तेव्हासुद्धा नाही. आणि आता मखमल बघून रडू येतं होय?"

सगळं खातं हसलं. हसू दे. मी कोपऱ्यात जाऊन तपकिरी रेक्झीनला ठिगळं लावत बसले, आणि निळं काम गेलं दिर्चेकडे.

दिर्चे म्हणजे माझ्यानंतर लागलेली एक खळीवाली बाई. तोंडात सदा गाणं. स्वभावानं साधी, पण शिवण अशी की बैल मुतत गेलाय. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आली.

"एर्सिल्या, कोपऱ्यावर ही कडेची पायपिंग वळत नाही गं. करून दाखव ना."

"मी हात लावणार नाही."

"का?"

"डोळे."

"अगं बाई, तुझ्या हातांना डोळे आलेत?"

मी दोन्ही हात एप्रनच्या खिशात कोंबले आणि तोंडानं सांगायला लागले. काय करणार, वाकडी शिवण मला बघवत नाही. "आधी चुण्या पाड. बारीक. आणखी बारीक. दोऱ्याला मेण लाव, बापाचं जातंय का तुझ्या? आता टाका मागून घे. मागून म्हटलं ना! सुई अशी धरतात? सूप पितेस का तिच्यानं?"

"तू एकदा नुसती धरून दाखव."

"कान आहेत ना? ऐक."

असं सबंध हिवाळाभर चाललं. दिर्चे रोज येणार, मी खिशात हात घालून ओरडणार, बाकीच्या हसणार. खिशात माझी बोटं वळवळायची. आणि मेली शिकत गेली. एक दिवस तिनं पुरं झालेलं आसन माझ्यापुढे आणून ठेवलं. कोपरा असा वळला होता की टाका शोधून सापडू नये.

"बघ, जमलं की नाही?" ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मखमलीनं नव्हे, आनंदानं.

मलाही आनंद व्हायला हवा होता, शिकवलं मीच होतं. पण मला तिच्या हातातली सुई घेऊन मोडून टाकावीशी वाटली. "बरं आहे," म्हणाले आणि रेक्झीनकडे वळले.

घरी बाबांना यातलं काही सांगायची सोय नव्हती. सांगणं म्हणजे मागणंच. एकदा जेवताना तेच म्हणाले, "तू जुनी आसनं करतेस, असं ऐकलं."

"हो."

"निळी गाडी नको?"

"डोळ्यांना त्रास होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सूपमध्ये पावाचा तुकडा बुडवला, तो बराच वेळ तसाच धरला. मग म्हणाले, "बरं."

मला वाटलं, कळलं त्यांना. म्हातारा मुरलेला आहे, नियम त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. लेक बाजूला का बसली हे त्यानं ओळखलं आणि म्हणूनच गप्प राहिला. मी इतकी खूश झाले की त्यांना न विचारता आणखी एक पळी सूप वाढलं.

मार्चमध्ये संत योसेफाच्या सणाला नॉर्मा आणि ओरेस्ते आले. मी पहाटेपासून कॅपेल्लेत्ती वळत होते. सूप झालं, उकडलेलं मांस आणि हिरवी चटणी टेबलावर आली. बाबांनी तोंड पुसलं आणि घसा खाकरला.

"काल कचेरीत नाव सांगून आलो," ते म्हणाले. "निळ्या गाडीची धर्माची आई नॉर्मा होईल."

माझ्या हातात पळी होती. ती तशीच राहिली.

"मी?" नॉर्मा किंचाळली. "अय्या बाबा! खरंच मी?"

"हॅट घ्यावी लागणार म्हणजे," ओरेस्ते म्हणाला.

"ही?" मला राहवलं नाही. "हिला गाडीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हे तरी कळतं का?"

"नव्या गाडीला दोन्हीकडे तोंडच असतं म्हणे," ओरेस्ते.

"तुम्ही गप्प बसा हो, जहाजवाले!" मी पळी टेबलावर आपटली. चटणी उडून त्याच्या बाहीवर पडली. "बाबा, मी का नाही? या घरात मी मेले होते का?"

 मग बाबा बोलले, आणि एका दमात इतकं बोललेलं मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"सबंध हिवाळा तू त्या गाडीकडे पाठ करून बसलीस. अख्खं खातं निळं शिवत होतं आणि तू कोपऱ्यात ठिगळं लावत होतीस. बेनास्सी मला म्हणाला, डोळ्यांचं खोटं आहे, तिला गाडीचा राग आहे. मी तुला विचारलं. तू म्हणालीस, डोळे. माझी ही शेवटची गाडी, एर्सिल्या. मला वाटलं होतं, खिडक्या मी बसवीन आणि आसनं तू शिवशील. तुला ती नको होती. मग जिला गाडी नको तिच्या हातात बाटली कशी देऊ?"

"बाटली मिळावी म्हणूनच तर हात लावला नाही मी!"

मी ओरडले ते बहुतेक शेजारच्या घरातही ऐकू गेलं असेल. नॉर्मानं तोंडावर हात ठेवला. ओरेस्तेनं बाही पुसायचं थांबवलं.

"मग मला सांगायचं नाहीस?" बाबा म्हणाले.

"मागायचं नसतं!"

"मागायचं नसतं," बाबा हळूच म्हणाले. "खरंय." मग त्यांनी सुरी ताटात ठेवली. "पण तू शिवलं असतंस तर मला बरं वाटलं असतं."

 मग नॉर्मा उठली, माझ्याजवळ आली, माझा दंड धरला. "हे एवढंच ना? बाबा, उद्या कचेरीत जाऊन सांगा, बाटली एर्सिल्या फोडेल. मला काय गं त्याचं! तूच घे. खरंच घे."

मनापासून म्हणाली ती. तेच तर वाईट. लग्न होऊन जेनोव्हाला निघाली तेव्हा आपला तपकिरी कोट मला देताना अशाच आवाजात म्हणाली होती, "घे, एक बटण नाहीये, पण ऊब चांगली आहे." बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा सांगत होता की मी नुसतं 'बरं' म्हणावं. तेवढं म्हटलं असतं तर सकाळी ते कचेरीच्या दारात हॅट हातात घेऊन उभे राहिले असते.

"मला उष्टं नको," मी म्हणाले.

"एर्सिल्या, अगं..."

"तुझं उष्टं लहानपणापासून खाल्लंय मी. मांस गार होतंय. खा."

एप्रिलमध्ये ऊन चांगलं पडलेल्या एका सकाळी निळी गाडी कारखान्याच्या रुळावरून गावच्या स्टेशनात आली. बँड होता, महापौर होता, पाद्रीबुवा पाणी शिंपडून लांब उभे होते. नॉर्मानं लिंबाच्या रंगाची हॅट घातली होती. शोभतही होती, मेली. तिनं बाटली मारली, ती धप्पकन आपटून परत आली. फुटली नाही. सगळं गाव 'आह' म्हणालं आणि माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. आई मारिये, मनात म्हटलं, फुटू देऊ नकोस. दुसऱ्यांदा फुटली. निळ्या अंगावरून लाल ओघळ गेले, लोकांनी टाळ्या पिटल्या, फोटोवाल्यानं तिला हनुवटी वर करायला सांगितलं. त्या वेळी माझा जीव जाईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बाटली फुटायला वेळ तो किती लागतो? शिंक यावी तेवढा. फोटो निघाला, नॉर्माला फुलं दिली, संपलं.

मग बेनास्सी मास्तरांनी शिटी फुंकली. "हात लागलेले, चढा!"

खात्याखात्यानं माणसं चढायला लागली. लोहारखातं, तारखातं, रंगखातं. सुतारखात्यात सर्वांत पुढे बाबा, काळ्या कोटात, हात दांड्यावर. मग आसनखातं. माझ्या सगळ्या बायका रविवारचे कपडे घालून शाळेतल्या पोरींसारख्या ढकलाढकली करत होत्या. पहिल्या फेरीत आपण नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांच्यामागोमाग माझेही पाय उचलले गेले, आणि मी ते जागच्या जागी थांबवले. सगळं आयुष्य ज्या कारखान्यात गेलं त्याच्या गाडीसमोर मी बेकरीवाल्याच्या बायकोशेजारी उभी होते.

"तू नाही जात?" तिनं विचारलं.

"डोळे दुखतात," मी म्हणाले.

एवढ्यात दिर्चे परत खाली उतरली आणि धावत आली. कोटावर वाकडी सुई खोचलेली, तिच्यात दोरा ओवलेला.

"चल," ती धापा टाकत म्हणाली. "तिसऱ्या डब्यात खिडकीजवळच्या आसनाचं एक बटण मी मुद्दाम अर्धं ठेवलंय. तुझ्यासाठी. एक टाका घाल आणि बस. बेनास्सींना विचारलंय, ते म्हणाले, मालकाचा एक स्क्रू चालतो तर हिचा एक टाका का नाही? तुझे बाबा तिथेच बसलेत. चल गं, शिटी होईल."

तिनं सुई माझ्यापुढे धरली. दोऱ्याला मेण बरोब्बर लागलेलं होतं, कुठे कमी नाही, कुठे गोळा नाही. माझा हात खिशातून बाहेर आलासुद्धा होता. मग मी वर पाहिलं. खिडक्यांतून आमच्या खात्यातल्या बायका बघत होत्या. हसत होत्या, चांगलं हसत होत्या. 'ये ना' म्हणून हात हलवत होत्या. दिर्चेनं ठेवलेलं बटण, दिर्चेनं मागितलेली परवानगी, दिर्चेनं ओवलेला दोरा. ज्या बाईला मी सुई धरायला शिकवली ती मला गाडीत बसवणार होती.

"मालकासारखा शोभेचा टाका घालू?" मी म्हणाले. "तूच घाल. गाडी तुझी आहे."

दिर्चेच्या गालावरची खळी गेली.  "तुझ्याइतकी खाष्ट बाई अख्ख्या इटलीत नसेल," असं म्हणाली आणि पळत जाऊन चढली.

गाडी हलली. विजेची गाडी, धूर नाही, धडधड नाही. हलली हेसुद्धा आधी कळलं नाही. पहिल्या डब्यात नॉर्मा होती. हॅट काढून मांडीवर घेतली होती आणि मला शोधत होती. मी बेकरीवालीच्या मागे झाले. दुसरा डबा गेला. तिसऱ्यात खिडकीशी बाबा होते. ते बाहेर बघतच नव्हते. आसनाच्या कोपऱ्यावरून, जिथे पायपिंग वळते तिथून, अंगठा फिरवत होते, सावकाश, पुढून मागे आणि मागून पुढे. मग त्यांनी समोर बसलेल्या दिर्चेला काहीतरी विचारलं. काच बंद होती, पण चाळीस वर्षं त्या तोंडाकडे बघत आलेय मी. "कुणी शिवलं?" असं विचारलं त्यांनी.

दिर्चेनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

खोटं नव्हतं ते. हात तिचेच लागले होते. बाबांनी मान डोलावली, आणि वाकून तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

बाकीचे डबे गेले तेव्हा मी काय बघत होते ते आठवत नाही. पोर्टर फुटलेल्या बाटलीच्या काचा झाडत माझ्या पायांपर्यंत आला आणि म्हणाला, "बाई, जरा बाजूला होता का?" मी झाले. नॉर्माचा फोटो कँटीनच्या भिंतीवर आहे, आईच्या फोटोपासून थोडा पुढे. त्याच्याखाली बसून मी रोज जेवते, आणि घास काही अडत नाही. नॉर्माचा हेवा मला त्या सकाळनंतर कधी वाटला नाही. दिर्चेचा अजून वाटतो.